नवा डेटाबेस टर्मिनलवरून उभारताना: पहिली एंटर दाबायच्या आधी

उंबरठा:

पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर बसवून द्या म्हणून माझ्याकडे लोक येतात, आणि बसवलेलं बिघडलं म्हणूनही येतात. दुसऱ्या प्रकारच्या बऱ्याच अडचणींचं मूळ मला पहिल्या दिवसाच्या पहिल्या आज्ञेत सापडलं आहे, म्हणून हा धागा.

आधी एक सूचना. खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत स्वतःच्या बोटांनी टंका. वेबपानावरून उचललेल्या आज्ञेत दोन आखूड रेघांची एक लांब रेघ झालेली असते, सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात. डोळ्यांना फरक कळत नाही, शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र ती ओळ परकी वाटते. यात मी लोकांचे तासन् तास गेलेले पाहिलेत.

आता मुद्दा. इनिटडीबी ही डेटा साठवायची जागा पहिल्यांदा तयार करणारी आज्ञा तुम्हाला काहीही विचारत नाही. चालवली की काही सेकंदांत दहा-बारा ओळी सरकतात, बहुतेकींच्या शेवटी 'ओके', सगळ्यात खाली 'सक्सेस' आणि सर्व्हर सुरू करण्याची तयार आज्ञा. आपण ती आज्ञा उचलतो आणि पुढे जातो. पण वरच्या ओळींत लिहिलेलं असतं की लोकेल (भाषेचे आणि अक्षरक्रमाचे नियम) अमुक घेतलं, एनकोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) तमुक घेतलं, चेकसम (डेटा बिघडला का ते पडताळणारा आकडा) चालू की बंद, आणि स्थानिक जोडण्यांसाठी 'ट्रस्ट' (ओळख न तपासता आत सोडणं) लावलंय, सावध राहा. न विचारता घेतलेले हे निर्णय आहेत. यातला ट्रस्टचा नंतर एका मिनिटात बदलता येतो. एनकोडिंगचा तसा बदलता येत नाही.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली गोष्ट सांगतो. एका कामात नावाचा रकाना २० अक्षरांचा होता. आठ महिने सगळं सुरळीत चाललं, कारण नोंदी रोमनमध्ये होत होत्या. मग देवनागरी नोंदी सुरू झाल्या आणि 'पुरुषोत्तम' हे नाव रकाना घेईना. मूल्य फार लांब आहे, असा निरोप. काना-मात्रा-हलन्त धरून त्या नावात १० चिन्हं आहेत, मर्यादा २०ची. मी अर्धा दिवस अ‍ॅप्लिकेशनमध्ये शोधत बसलो. शेवटी पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचा प्रोग्रॅम, उघडून टंकलं:

सिलेक्ट लेंग्थ('मराठी');

उत्तर आलं १५. यायला हवं होतं ५. म, र, काना, ठ, वेलांटी. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे डेटाबेस अक्षरं मोजतच नव्हता, बाइट मोजत होता. 'पुरुषोत्तम'चे ३० बाइट, मर्यादा २०. एनकोडिंग पाहिलं तर 'एसक्यूएल-आस्की'.

कारण साधं होतं. सर्व्हरवर अगदी मोजकीच प्रणाली बसवलेली, भाषेची सेटिंग रिकामी. रिकामी म्हणजे लोकेल 'सी', आणि लोकेल 'सी' असलं आणि एनकोडिंग वेगळं सांगितलं नाही, तर इनिटडीबी एसक्यूएल-आस्की घेतं. या प्रकारात आलेले बाइट तपासले जात नाहीत, जसे येतात तसे साठवले जातात. त्यामुळे आठ महिन्यांत कुठल्याशा जुन्या प्रोग्रॅमने वेगळ्याच एनकोडिंगमध्ये टाकलेल्या ओळीही आत शिरल्या होत्या. सगळा डेटा बाहेर काढून, त्या ओळी वेचून, नव्या डेटाबेसमध्ये भरण्यात एक पूर्ण रात्र गेली. पहिल्या दिवशी फक्त एक पर्याय जास्त टंकायचा होता.

तेव्हापासून मी ही ओळ लिहितो, आणि एंटर दाबण्याआधी एकदा मोठ्याने वाचतो:

इनिटडीबी --पीजीडेटा=(डिरेक्टरी) --एनकोडिंग=यूटीएफ८ --लोकेल=सी --डेटा-चेकसम्स --ऑथ-लोकल=पीअर --ऑथ-होस्ट=स्क्रॅम-शा-२५६ --पीडब्ल्यूप्रॉम्प्ट

पीअर आणि स्क्रॅम-शा-२५६ या ओळख पटवायच्या पद्धती, दुसरी पासवर्डची; पीडब्ल्यूप्रॉम्प्टमुळे तो पासवर्ड तिथेच विचारला जातो. लोकेल मी 'सी' का ठेवतो यावर मतभेद होतील, ते खाली बोलू. चेकसमबद्दल: डेटा ८ किलोबाइटच्या पानांत साठतो, आणि चेकसम चालू असेल तर डिस्कने पान बिघडवल्याचं ते वाचताना कळतं. २०२५मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत हे मुळातच चालू असतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत सांगावं लागतं. १२व्या आवृत्तीपासून नंतरही चालू करता येतं, पण त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागतो आणि सगळी पानं लिहून निघावी लागतात. डेटा मोठा असेल तर तेवढा वेळ बंद ठेवायला कुणी देत नाही.

ही आज्ञा रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालत नाही, ती सरळ नकार देते. नकार चुकवायच्या वाटा शोधू नका, पोस्टग्रेस नावाच्या वापरकर्त्याने चालवा. आणि नवी डिस्क जोडली असेल तर डिस्कच्या मुळाशी डेटा ठेवू नका, आत एक डिरेक्टरी करा. मुळाशी 'लॉस्ट+फाउंड' असतं, ते पाहून इनिटडीबी अडतंच. त्यामागे खरं कारण आहे: एखाद्या दिवशी डिस्क जोडली गेलीच नाही तर तिच्या जागी रिकामी डिरेक्टरी दिसते. त्या दिवशी सर्व्हर सुरू न होणं हेच तुमच्या भल्याचं असतं.

शेवटचं म्हणजे 'डेटाबेस क्लस्टर' या शब्दाने घाबरू नका. इथे त्याचा अर्थ अनेक यंत्रं असा नाही. एका सर्व्हरखालचे सगळे डेटाबेस मिळून एक क्लस्टर, एवढंच. इनिटडीबी संपतं तेव्हा आत तीन डेटाबेस तयार असतात: पोस्टग्रेस, टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१. तुम्ही नवा डेटाबेस करता तेव्हा टेम्प्लेट१ची नक्कल निघते. म्हणून एनकोडिंग चुकलं की, मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर, ती चूक पुढच्या प्रत्येक डेटाबेसमध्ये उतरते.

निळी_शाई:

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी अजून शिकतेय, म्हणून प्रश्न अगदी प्राथमिक आहे. इन्स्टॉल झालं, सर्व्हर चालू आहे असं दिसतं. पीएसक्यूएलला वापरकर्ता पोस्टग्रेस सांगितला तर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' येतं. पासवर्ड विचारतच नाही, तर चुकला कसा? काल तीन वेळा सगळं काढून पुन्हा टाकलं. तरी तेच.

खटपट:

निळी_शाई, पुन्हा टाकू नका, काही बिघडलेलं नाही. पीअर म्हणजे डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, 'हा समोरचा कोण?' तुम्ही स्वतःच्या खात्यातून पोस्टग्रेस म्हणवून घेताय, नावं जुळत नाहीत, म्हणून नकार. आधी सुडो या आज्ञेने पोस्टग्रेस वापरकर्ता व्हा, मग पीएसक्यूएल उघडा.

आणि उंबरठा, एक भर. डेबियन आणि उबंटूवर पॅकेज बसवताक्षणी 'मेन' नावाचं क्लस्टर आपोआप तयार होतं. म्हणजे तुमची इनिटडीबीची वेळ तिथे निघून गेलेली असते. पीजी_एलएसक्लस्टर्स चालवून काय आहे ते पाहावं. लोकेल मनासारखं नसेल तर डेटा भरण्याआधीच पीजी_ड्रॉपक्लस्टरने काढून पीजी_क्रिएटक्लस्टरने नवं करावं. नवख्यांना 'माझ्याकडे इनिटडीबी सापडत नाही' असं वाटतं. ते असतं, फक्त आवृत्तीच्या आकड्याच्या डिरेक्टरीत आत ठेवलेलं असतं, नेहमीच्या वाटेवर नसतं.

उंबरठा:

खटपट, ही भर फार गरजेची होती, धन्यवाद.

निळी_शाई, तुम्ही तीनदा काढून टाकलंत हे वाचून वाईट वाटलं, कारण तो निरोपच नीट अर्थ सांगत नाही. थोडं खोलात जाऊन सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी भीती वाटणार नाही. पीजी_एचबीए डॉट कॉन्फ नावाची फाइल आहे. तिची प्रत्येक ओळ सांगते: जोडणी कुठून आली, कुठल्या डेटाबेससाठी, कोण म्हणून, आणि त्याची ओळख कशी पटवायची. वरून खाली वाचताना जी ओळ पहिल्यांदा जुळते तीच लागू होते. तिच्यात ओळख पटली नाही तर खालची ओळ पाहिली जात नाही. लोक शेवटी नवी ओळ जोडतात आणि काही फरक पडत नाही म्हणून वैतागतात. त्यांची ओळ तिथवर कुणी वाचतच नसतं.

सॉकेटवरून, म्हणजे त्याच यंत्रावरून नेटवर्कशिवाय, आलात तर 'लोकल'ची ओळ लागते. होस्ट म्हणून लोकलहोस्ट दिलंत तर तीच जोडणी नेटवर्कची धरली जाते, 'होस्ट'ची ओळ लागते आणि पासवर्ड विचारला जातो. फाइल बदलल्यावर सर्व्हर बंद करायची गरज नाही, रीलोड पुरतं. मात्र लिसन_अ‍ॅड्रेसेस (सर्व्हर कुठल्या पत्त्यांवर जोडण्या घेतो ते) बदललंत तर रीस्टार्टच लागतो.

आणि कुठल्याही लेखात 'अडलं तर ट्रस्ट करा' असं दिसलं तर कृपा करून करू नका. ट्रस्ट म्हणजे त्या यंत्रावरचा कुणीही स्वतःला सुपरयूझर, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणवू शकतो, आणि पोस्टग्रेसचा सुपरयूझर कॉपी आज्ञेतून ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रोग्रॅमसुद्धा चालवू शकतो. दार फक्त डेटाबेसचं उघडत नाही.

मूळाक्षर:

लोकेल 'सी'बद्दल मला बोलायचंच आहे, कारण यात आपल्या भाषेचा प्रश्न आहे.

'सी' लोकेलमध्ये क्रम लागतो तो युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मधे बसवलं आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. त्यामुळे 'काळा, काव्य, काशी' हे तीन शब्द डेटाबेस याच क्रमाने देतो. मराठी कोशात मात्र ते 'काव्य, काशी, काळा' असे येतील. क्ष आणि ज्ञ यांचंही तेच. आपण त्यांना शेवटी ठेवतो, यंत्राला ते क आणि ज यांच्या पोटात दिसतात, कारण त्याच्या लेखी ती जोडाक्षरं आहेत.

मी शब्दसूचीच्या कामात आहे. छापायला गेलेल्या सूचीत ळची सगळी नोंद मधेच घुसलेली पाहिली तेव्हा आधी मला वाटलं माझंच काही चुकलं. वाचकाला शब्द जिथे अपेक्षित आहे तिथे सापडत नाही, आणि तो समजतो की शब्दच नाही. म्हणून मी क्लस्टर करतानाच प्रोव्हायडर (क्रमाचे नियम पुरवणारी लायब्ररी) आयसीयू आणि लोकेल 'एमआर' (मराठी) देते. हे १५व्या आवृत्तीपासून जमतं. तुम्ही सरसकट 'सी' सांगितलंत तर मराठी डेटा ठेवणाऱ्या कितीतरी जणांच्या याद्या चुकीच्या क्रमाने येतील.

उंबरठा:

मूळाक्षर, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी ते अर्धवट लिहिलं. मी क्लस्टर 'सी'वर ठेवतो, पण मराठी क्रम जिथे माणसाला दिसणार आहे तिथे रकान्यालाच कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) लावतो: 'एमआर-एक्स-आयसीयू'. पोस्टग्रेस आयसीयूसह बांधलेलं असेल तर १०व्या आवृत्तीपासून ते तयारच मिळतं. ऑर्डर बायच्या शेवटी कोलेट लिहून एकेका क्वेरीपुरतंही लावता येतं. त्यासाठी वेगानं क्रम हवा असेल तर इंडेक्सही (शोध वेगाने व्हावा म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) त्याच कोलेशनचा करावा लागतो.

तुमच्यासारखं सगळं कामच मराठी सूचीचं असेल तर तुमचा मार्ग बरोबर. माझ्याकडे डेटा मिश्र असतो, आणि आत कुठेतरी असलेल्या संकेतांकांचा क्रम भाषेवर अवलंबून नसावा असं मला वाटतं. 'सी' निवडायचं दुसरं कारण रात्रपाळी सांगतील, ते त्यांनी माझ्यापेक्षा जवळून सोसलं आहे.

रात्रपाळी:

सांगतो. लोकेल ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलं की अक्षरांचा क्रम कुणाच्या हातात जातो? जीलिबसी या लायब्ररीच्या. २०१८मध्ये तिची २.२८ ही आवृत्ती आली आणि क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन १० आणि रेडहॅट ८मध्ये ती आली.

आम्ही जुन्या यंत्रावरचा डेटा तसाच्या तसा उचलून नव्या प्रणालीवर नेला. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, फाइल्स त्याच, सर्व्हर एका झटक्यात सुरू. दोन दिवसांनी तक्रार आली की एक ग्राहक सापडत नाही. क्वेरीत नाव दिलं की शून्य ओळी. सगळा तक्ता वाचायला लावला की ओळ समोर हजर. मग त्याच ग्राहकाची दुसरी नोंद सापडली, दुहेरी नोंद अडवणारा युनिक इंडेक्स असूनही. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने चाललेला. शब्दकोशाची पानं एका क्रमाने आणि शोधणारा दुसऱ्या क्रमाने, तर शब्द असूनही मिळणार नाही. सगळे मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधले, पण त्याआधी दुहेरी नोंदी हाताने निस्तराव्या लागल्या.

'सी'चा क्रम बाइटचा, तो बदलत नाही. आयसीयूच्या आवृत्तीही बदलतात, पण पोस्टग्रेस कोलेशनची आवृत्ती नोंदवून ठेवतं आणि तफावत दिसली की इशारा देतं. तो इशारा लॉगमध्ये दिसला तर सोडून देऊ नका.

निळी_शाई:

आत पोहोचले! खटपट, उंबरठा, दोघांचे आभार. पण आता वेगळंच. क्रिएट टेबल लिहून एंटर दाबलं तर काहीच होत नाही. एरर नाही, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा काही नाही.

खटपट:

प्रॉम्प्टकडे पाहा. नावापुढे आधी बरोबरचं चिन्ह आणि हॅश होतं (=#), आता उणे आणि हॅश आहे ना (-#)? म्हणजे तो अर्धविरामाची वाट पाहतोय. उण्याच्या जागी एकेरी अवतरण दिसत असेल तर कुठेतरी अवतरण उघडं राहिलंय. उघडा कंस असेल तर कंस दिसतो. कंट्रोल-सी दाबा, ओळ रद्द होते, सत्र टिकतं. हॅशच्या जागी मोठेपणाचं चिन्ह असेल (=>) तर तुम्ही सुपरयूझर नाही. रोजचं काम त्याच रूपात करायची सवय लावा.

निळी_शाई:

अर्धविरामच होता. मग तुमचं ऐकून साधा वापरकर्ता केला, त्याच्या नावाने शिरले, तर 'परमिशन डिनाइड फॉर स्किमा पब्लिक'. मी वाचत असलेल्या पुस्तकात तर याच पायऱ्या आहेत आणि त्यांचं चालतं.

उंबरठा:

पुस्तक बहुधा २०२२च्या आधीचं असेल. १५व्या आवृत्तीपासून नव्या क्लस्टरमध्ये पब्लिक स्किमात (तक्ते ठेवायच्या सामाईक कप्प्यात) कुणीही तक्ते करावेत ही मुभा काढून घेतली आहे. डेटाबेस करतानाच मालक सांगा: क्रिएटडीबीला कॅपिटल ओच्या पर्यायाने त्या वापरकर्त्याचं नाव द्या. मालकाला परवानगी असते. इंटरनेटवर सुपरयूझर करून टाका असा सल्ला मिळेल, तो घेऊ नका.

आणि त्याचा पासवर्ड लावताना आल्टर रोल लिहून त्यात पासवर्ड टंकू नका. तो पीएसक्यूएलच्या इतिहासाच्या फाइलमध्ये उघडा राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्येही जाऊ शकतो. उलटी तिरपी रेघ आणि 'पासवर्ड' एवढंच टंका. तो दोनदा विचारतो आणि सांकेतिक रूप करूनच सर्व्हरकडे धाडतो.

पहाटवारा:

चर्चा सुंदर चालली आहे. मी पोस्टग्रेस कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या वेगळ्या बंदिस्त जागेत, चालवतो. पासवर्डचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून कंटेनर पुन्हा सुरू केला, तरी जुनाच पासवर्ड चालतो. इनिटडीबीचे पर्याय बदलले तरी तेच. कुणाला अनुभव?

खटपट:

ते व्हेरिएबल आणि सुरुवातीच्या स्क्रिप्ट फक्त डेटाची डिरेक्टरी रिकामी असतानाच वाचल्या जातात. तुमचा व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा टिकवणारी जागा) जुना आहे, म्हणून तिकडे कुणी पाहत नाही. पासवर्ड आतून बदला. एनकोडिंग किंवा लोकेल बदलायचं असेल तर डंप (डेटाची बाहेर काढलेली प्रत) काढा आणि नवा व्हॉल्यूम घ्या.

पहाटवारा:

समजलं. आणखी एक, मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते का?

उंबरठा:

काळजी तीच, जागा वेगळ्या. तिथे मायएसक्यूएलडीला 'इनिशिअलाइझ' सांगितलं की रूटचा तात्पुरता पासवर्ड एरर लॉगमध्ये लिहिला जातो, आणि लोक तो पडद्यावर शोधत बसतात. एनकोडिंगचा सापळाही आहे. जुन्या आवृत्त्यांतलं 'यूटीएफ८' हे नाव पूर्ण यूटीएफ-८चं नव्हतं, चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट. देवनागरी तेवढ्यात बसते, म्हणून मराठी मजकूर वर्षानुवर्षं बरा चालतो. मग एक दिवस कुणीतरी इमोजी टाकतो, त्याला ४ बाइट लागतात, आणि नोंद अडते. तिथे यूटीएफ८एमबी४ घ्यायचं. २०१८च्या ८.० आवृत्तीपासून तेच मुळात असतं.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये सर्व्हरच नाही, एक फाइल. एकाच यंत्रावरच्या, एकाच प्रोग्रॅमच्या कामाला मी लोकांना तेच सुचवतो. पोस्टग्रेसची उस्तवार गरज असेल तरच करावी.

रात्रपाळी:

सगळं उभारून झाल्यावरची एक गोष्ट राहिली, आणि माझ्या लेखी उभारणी तिच्याशिवाय संपत नाही. रिकामा डेटाबेस असतानाच बॅकअप घेऊन तो परत चढवून पाहा. चार ओळींचा तक्ता करा, पीजी_डंपने कस्टम स्वरूपात काढा, दुसऱ्या नावाचा डेटाबेस करा, पीजी_रिस्टोअरने भरा, चार ओळी मोजा. पाच मिनिटं लागतात. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड पीजी_डंपमध्ये येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑलला 'ग्लोबल्स-ओन्ली' सांगून वेगळी फाइल काढा. पहिल्यांदा करणाऱ्यांना हे नेमकं संकटाच्या दिवशी कळतं.

गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं ३१ जानेवारी २०१७ला झालेलं त्यांनी स्वतः सविस्तर लिहून ठेवलं आहे. रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडाली. बॅकअप पाहायला गेले तर रोजचा पीजी_डंप होतच नव्हता: सर्व्हर ९.६चा आणि आज्ञा चालत होती ९.२ची. चूक कळवणाऱ्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. सुमारे ६ तासांचा डेटा गेला. म्हणून पीजी_डंप कुठल्या आवृत्तीचा आहे ते आजच विचारून पाहा. आणि डिरेक्टरी पुसण्याआधी प्रॉम्प्टवरचं यंत्राचं नाव वाचा, दर वेळी.

निळी_शाई:

आज सगळं काढून पहिल्यापासून केलं, या वेळी खटपटांनी सांगितल्याप्रमाणे पीजी_क्रिएटक्लस्टरने. उंबरठांची ओळ कागदावर लिहून घेतली आणि तिच्यातला एकेक पर्याय इथे कसा द्यायचा ते मॅन्युअलमधून शोधलं. पडद्यावरच्या ओळी थांबून वाचल्या. एनकोडिंग यूटीएफ८, चेकसम चालू, ट्रस्टचा इशारा नाही.

सिलेक्ट लेंग्थ('मराठी') ला ५ आलं. मूळाक्षरांचे तीन शब्द टाकून पाहिले: नुसत्या ऑर्डर बायला काळा पहिला, कोलेट लावल्यावर शेवटचा. रात्रपाळींचा बॅकअपही केला, पण पीजी_रिस्टोअर म्हणतं की तो वापरकर्ता अस्तित्वात नाही. दुसऱ्या यंत्रावर चढवत होते.

रात्रपाळी:

ग्लोबल्सची फाइल आधी चढवा, मग डंप.

निळी_शाई:

झालं. चारही ओळी आल्या.